ओळंबा आणि नाचणारा पाय

(या महिन्याच्या वाचकांच्या प्रश्नांना वडोदऱ्याच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेने उत्तरं दिली आहेत. गेली अकरा वर्षं त्या आधुनिक नृत्याच्या तालमींत आणि प्रयोगांत बसून रेखाटनं करतात.)

प्रश्न : ताई, मी चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला शिकतोय. इथे एका आधुनिक नृत्याच्या ग्रुपच्या तालमीत मला बसू देतात. पण मी कागदावर खांदा मांडेपर्यंत नर्तक खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. तीन आठवड्यांत एकही आकृती पूर्ण झालेली नाही. फोनवर व्हिडिओ घेऊन घरी थांबवत थांबवत काढलं तर चालेल का?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : तीन आठवडे म्हणजे काहीच नाही रे. पहिल्या चार महिन्यांत माझ्याकडे नुसते खांदे जमले होते. पिशवीभर खांदे, आणि त्यांतल्या एकाही खांद्याला माणूस लागलेला नव्हता.

तुझी चूक हाताच्या वेगात नाही, सुरुवातीच्या जागेत आहे. शाळेत आम्हीच तुम्हाला डोक्यापासून काढायला शिकवतो (मीही एकतीस वर्षं तेच शिकवलं, त्याबद्दल माफी). समोर बसलेल्या माणसाला ते चालतं. नाचणाऱ्याचं मात्र डोकं काढून होईस्तोवर त्याचे पाय गावाला गेलेले असतात. म्हणून आधी भार शोध. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याची भिंत फुगली होती, तेव्हा आलेला गवंडी आधी ओळंबा सोडून बघायचा आणि मगच थापीला हात लावायचा. तसाच एक ओळंबा गळ्याच्या खळग्यातून खाली सोड. दोरी कुठे पडते ते बघ. माणूस एका पायावर उभा असेल तर ती त्या पायाच्या घोट्याजवळ पडेल. दोन्ही पायांवर भार असेल तर दोन पायांच्या मधे. आणि दोरी दोन्ही पायांच्या बाहेर पडली, तर तो माणूस पडतो आहे, किंवा पुढच्या क्षणी पाऊल टाकणार आहे. आधुनिक नाचात ही तिसरी गोष्ट सारखी होते. मुद्दाम तोल सोडायचा आणि जमिनीवर टेकता टेकता परत पकडायचा, यावरच कित्येक रचना उभ्या असतात. तेव्हा कागदावर पहिली खूण जमिनीची, दुसरी भार पेलणाऱ्या टाचेची, तिसरी गळ्याच्या खळग्याची. एवढ्या तीन खुणा झाल्या की नर्तक खुशाल दुसऱ्या टोकाला जाऊ दे. कंबर कुठे असणार, वर गेलेला हात कशाला तोलून धरणार, हे त्या खुणाच सांगतात.

दुसरी गोष्ट मी गरब्यात शिकले. नवरात्रात आमच्या पोळीत, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीत, अजून शेरी गरबा होतो, मोठ्या मैदानातला पासवाला नव्हे. मी ओट्यावर वही घेऊन बसते. बे ताळी, त्रण ताळी (दोन टाळ्यांचा, तीन टाळ्यांचा गरबा) चालू असते आणि बायका गोल फिरत असतात. निळ्या चणियाचोळीतली मुलगी वाकून टाळी देते, मी पाठीचा बाक काढते, तोवर ती गेली. पण तिच्या मागची तशीच वाकते, तिच्याही मागची. सातव्या बाईपर्यंत माझं चित्र होतं. पाठ एकीची, कोपर दुसरीचं, घेराचा झोक तिसरीचा. तालमीतही हेच असतं, फक्त तिथे माणसं फिरण्याऐवजी तुकडा फिरतो. दिग्दर्शिका तोच आठ मोजण्यांचा तुकडा वीस वेळा करून घेते. नर्तकांना त्याचा वैताग येतो. आपली मात्र चंगळ. मी जमिनीवर चार कागद पसरून ठेवते. ती हनुवटीखाली हात आणते तेव्हा पहिला कागद, जमिनीवर गडगडते तेव्हा दुसरा. पुन्हा ती जागा आली की पुन्हा त्याच कागदावर. तासाभराने चारही थोडे थोडे भरलेले असतात. म्हणूनच मी प्रयोगापेक्षा तालमीला जाणं पसंत करते. प्रयोग एकदाच होतो.

एक सावधगिरी. नर्तक कधीकधी तुकडा नुसता ‘मार्क’ करतात, म्हणजे जागा आणि मोजणी बरोबर, पण अंगातला जोर राखून ठेवलेला. ते हुबेहूब काढलंस तर चित्र मरगळलेलं दिसेल आणि तुला वाटेल आपलाच हात बिघडला. मार्क करताना खोली काढ, भिंतीला टेकून पाणी पिणारे काढ. पूर्ण जोराने सुरू झालं की आवाजावरूनच कळतं. मॅटवर अनवाणी टाच पडल्याचा आवाज बदलतो.

आणि हो, संथ हालचाल सोपी असेल असं समजू नकोस. नवसारीत जन्मलेले आधुनिक नर्तक अस्ताद देबू कथकही शिकले होते, कथकळीही. पण रंगमंचावर एक हात वर न्यायला ते इतका वेळ घेत की आपण श्वास रोखून बसावं. त्यांना मी एकदाच पाहिलं. म्हटलं, आज चित्रांचा पाऊस पडणार. घरी येऊन बघते तर सगळी चित्रं फोटोतून उतरवल्यासारखी, बाह्यरेषा नीटनेटकी आणि आत कोणी नाही. वेळ मिळाला की हात शहाणपणा करायला लागतो.

आता व्हिडिओ. नको. तू व्हिडिओ थांबवलास की नर्तक दोन अवस्थांच्या मधे कुठेतरी अडकतो, जिथे तो प्रत्यक्षात कधी थांबलाच नव्हता. कुठल्या दिशेने आला आणि कुठे चालला, ते त्यातून गेलेलं असतं. तालमीत तू जे काढतोस ते खरं म्हणजे समोरचं नसतंच, अर्ध्या सेकंदापूर्वीचं असतं. ते डोक्यात धरून ठेवण्याचीच सवय करायची आहे. वाटल्यास असं कर. तुकडा संपेपर्यंत पेन्सिल खाली ठेव, मग डोळे मिटून मोज पाच, आणि जे उरलं तेवढंच काढ. शिवाय अजून लोकांपुढे न आलेली रचना तुझ्या फोनमध्ये असणं हे तुझ्याही डोक्याला ताप आणि त्यांच्याही.

प्रश्न : काकू, प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागृहात मिट्ट काळोख असतो. कागद दिसतच नाही. तुम्ही काय वापरता?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : पहिल्या वर्षी मी फोनचा उजेड वापरला. दहाव्या मिनिटाला मागच्या बाईंनी खांद्यावर टकटक केलं आणि पंधराव्या मिनिटाला एक गृहस्थ अत्यंत अदबीने मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेले. बरोबरच केलं त्यांनी.

तेव्हापासून न बघता काढते. डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या मधोमध ठेवायचा आणि उजव्या हाताने त्याच्या अवतीभवती. अंगठा हेच जमिनीचं निशाण. रेषा एकमेकींवर चढतात, एखाद्याला तीन हात होतात, होऊ द्यावेत. साधनं अशी हवीत की त्यांचा आवाज होणार नाही. स्पायरलची वही पान उलटताना करकरते, त्यापेक्षा पुठ्ठ्याला क्लिपने लावलेले सुटे कार्ट्रिज कागद बरे. वर्तमानपत्री कागद स्वस्त, पण खसखसतो. बोरू मला जीव की प्राण, घरी मी शाईत बुडवून त्यानेच काढते, पण शांत जागी तो उंदरासारखा कुरतडतो. मऊ कोळसा किंवा ८बी पेन्सिल, बास. कोळशाने साडीचा पदर काळा होतो, म्हणून प्रयोगाला मी काळीच साडी नेसते. लोकांना वाटतं कलावंत बाई आहे.

कागदाचे फार लाड करू नका. १९०६ साली कंबोडियाच्या राजाबरोबर तिथल्या दरबारी नर्तकी फ्रान्सला आल्या होत्या. रोदँ हा शिल्पकार तेव्हा पासष्टीचा. त्याने त्यांना पॅरिसमध्ये पाहिलं आणि त्यांच्या मागोमाग थेट मार्सेला गेला. तिथे कागद संपला तर किराणा दुकानातून पुड्या बांधायचा कागद आणवला. त्या काही दिवसांत त्याने दीडशेच्या आसपास रेखाटनं केली. आणि आम्ही बसलोय कागदाचं वजन किती ग्रॅम ते विचारत.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षं भरतनाट्यम शिकली, अरंगेत्रम (रंगमंचावरचा पहिला एकटीचा कार्यक्रम) झालं. आता ते सोडून एका ग्रुपबरोबर जमिनीवर लोळायचं, भिंतीवर आदळायचं असलं काहीतरी करते आणि त्याला नाच म्हणते. घरातले सगळे नाराज आहेत. तुम्ही इतकी वर्षं हे बघता, काढता. यात काढण्यासारखं असतं तरी काय?
— एक आई, वडोदरा

उत्तर : वहिनी, तुम्ही आपल्याच गावच्या, म्हणून थोडं मोकळेपणी लिहिते.

भरतनाट्यम तरी आपल्या गावचं कुठे होतं? १८८० साली तंजावरच्या मराठा घराण्यातल्या लक्ष्मीबाई सयाजीरावांशी लग्न होऊन इथे चिमणाबाई म्हणून आल्या. त्यांच्या पाठवणीबरोबर तंजावरचा नर्तकींचा ताफा आला. दरबारात त्यांची सोय कलावंत कारखान्यात, म्हणजे कलावंतांच्या सरकारी खात्यात झाली. इथल्या लोकांना तेव्हा ती भाषा कळत नव्हती, गाणं कळत नव्हतं. त्याच नर्तकींतल्या कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथे भरतनाट्यमचे गुरू झाले आणि आपल्या घराघरांतल्या मुली ते शिकल्या. ‘हे आपलं’ व्हायला दोन पिढ्या गेल्या. तुम्ही लेकीला दोन महिनेसुद्धा द्यायला तयार नाही.

काढण्यासारखं काय, तर जमीन. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेल्या मुलीचा ओळंबा दोन टाचांच्या बरोबर मधे पडतो. ते चित्र देवळाच्या खांबासारखं स्थिर येतं, सुंदर येतं, आणि मला ते आवडतं. पण तीच मुलगी कडेवर कलंडून पाठीवरून फिरते, तेव्हा माझ्या कागदावर पहिल्यांदाच तिच्या खांद्याच्या पात्याला वजन येतं. नऊ वर्षांचं शिक्षण त्या वेळी कुठे जात नाही. भरतनाट्यम केलेली मुलगी पडतानासुद्धा बोटांची टोकं सोडत नाही, माझ्या वहीत ती लगेच ओळखू येते. चंद्रलेखांचं उदाहरण घ्या. जन्म महाराष्ट्रातला, वाडा गावचा. भरतनाट्यमच्याच नर्तकी. १९८५ साली ‘अंगिक’ केलं, त्यात भरतनाट्यमशेजारी कळरीपयट्टु ही केरळची युद्धकला आणि योग आणून ठेवले. तेव्हाही नाराज होणारे होतेच.

तुम्ही एक करा. कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या त्या स्मारकात जा. आपण पाहुण्यांना नेतो आणि स्वतः बघत नाही, त्यातलं ते ठिकाण. आत भिंतींवर नंदलाल बोसांची चित्रं आहेत, त्यात ‘नटीर पूजा’ची भिंत शोधा. रवींद्रनाथांच्या नाटकातली ती दरबारी नर्तकी, राजाची मनाई मोडून स्तूपापुढे नाचते आणि नाचता नाचता एकेक दागिना उतरवून टाकते. शेवटी मारली जाते. शांतिनिकेतनात हे नाटक पहिल्यांदा झालं तेव्हा ती भूमिका नंदलालांच्या मुलीने, गौरीने केली होती. ही भिंत त्यांनी १९४३ मध्ये रंगवली, म्हणजे सुमारे १७ वर्षांनी. इतक्या वर्षांनी बापाच्या डोळ्यांत लेकीचा नाच किती शिल्लक होता, हे त्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर मनात येतंच. मी वर्षातून दोनदा तरी जाते.

आणि मग एखाद्या दिवशी मुलीच्या तालमीला जा. खुर्ची मागू नका, लाकडी पाट घेऊन जा. अगदी जमिनीवर बसलं की पाय लांब आणि डोकी लहान दिसतात, खुर्चीवरून सगळं चपटं. पाटाची उंची बरोबर असते. शिवाय पाटावर बसलेल्या आईला कोणी उठ म्हणत नाही.

प्रश्न : मी नर्तकी आहे. आमच्या तालमीला एक चित्रकार येतात. गृहस्थ सज्जन आहेत. पण त्यांच्या चित्रांत माझ्या पोटाची घडी, वाकडी पावलं असं सगळं दिसतं आणि ती चित्रं ते सगळ्यांना दाखवतात. मला संकोच होतो. नको म्हटलं तर मी कलेच्या आड येते असं होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही होणार. सांगून टाका. तालीम ही तुमची चुका करायची जागा आहे, त्यांचं प्रदर्शन नव्हे. मी स्वतः पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारते, रोज त्याच कोपऱ्यात बसते म्हणजे कोणाच्या पायात येत नाही, आणि निघण्याआधी त्या दिवसाचे कागद फक्त ज्यांचे त्यांना दाखवते. ज्याला जो नको तो त्याचा. घेऊन जा नाहीतर फाडा.

तरी चित्रकाराच्या बाजूने एक सांगते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने कागद बघून तोंड वाकडं केलं. “मासी, मारो पग आटलो जाडो छे?” म्हटलं, जाड नाही गं, उजव्या पायावर सगळा भार होता म्हणून रेष दाबून आली. मग तिने बाकीचे कागद मागितले. आठ कागद, आठही ठिकाणी उजवाच पाय काळाकुट्ट, डावा जेमतेम टेकवलेला. दुखरा डावा गुडघा तिने तीन आठवडे सगळ्यांपासून लपवला होता. त्या संध्याकाळी ती दिग्दर्शिकेशी बोलली. बराच काळ तालमीला आली नाही. परत आली तेव्हा त्या आठांतला एक कागद मागून घेऊन गेली. कुठला, ते मी विचारलं नाही.

तेव्हा तुमच्या त्या चित्रकारांना हे उत्तर वाचायला द्या. पोटाची घडी त्यांना घडी म्हणून दिसली की तिथून अंग वळतंय म्हणून दिसली, ते विचारा. उत्तर पटलं तर बसू द्या. नाही पटलं, तर पुढच्या तालमीला दाराला आतून कडी.