त्याला ‘नाही’ म्हणता आलं असतं का?

प्रिय,

तुझं पत्र आणि कादंबरीची पाच प्रकरणं मिळून आठवडा झाला. उत्तर लांबलं, कारण पाचवं प्रकरण वाचून मी चिडले होते, आणि चिडल्या हाताने लिहिलेली पत्रं आयुष्यात फार पाठवून झाली आहेत माझी. आता राग उतरलाय. निम्मा तरी.

भाषेबद्दल काही बोलत नाही. तुला लिहिता येतं, ते तुलाही ठाऊक आहे. आणि ते ‘मॅडम’ सोड, कानाला टोचतं.

तुझा प्रश्न मला समजला तो असा. 1943 चा नोव्हेंबर, बर्लिन. नवरा पूर्व आघाडीवर मारला गेलेली एक तरुण जर्मन विधवा आणि ढिगारे उपसायला आणलेला पोलिश मजूर. तुझ्या वाचणाऱ्यांपैकी एक म्हणाला, ही बाई देशद्रोही ठरते, तिला सहानुभूती कशी मिळणार? दुसरी म्हणाली, छे, हेच तर खरं प्रेम, सीमा न मानणारं. आणि तू मध्ये लोंबकळतोयस. मला विचारतोस, वाचक तिला माफ करील असं काय करू?

अरे, तू भलत्याच माणसाची चौकशी चालवली आहेस! तिने ‘हो’ म्हणावं की नाही, यावर तू चौदा पानं खर्च केलीस. तिची घालमेल, नवऱ्याचा फोटो, खिडकीच्या काळ्या पडद्याआडची रात्र. सगळं सुरेख. पण त्या चौदा पानांत एकदाही तू विचारलं नाहीस की त्याला ‘नाही’ म्हणता आलं असतं का? ‘नाही’ म्हटलं असतं तर त्याला काय भोगावं लागलं असतं?

शत्रूंच्या प्रेमाची गोष्ट लिहिणाऱ्याने एवढा एकच प्रश्न उशाला घेऊन झोपावं. बाकीचे सगळे नंतर.

तुझ्या नायकाच्या छातीवर काय शिवलेलं होतं, ते तू लिहिलंस: पिवळा चौकोन, त्यात जांभळा ‘पी’, म्हणजे पोलिश. शाबास. पण तो तू नुसता रंगासाठी वापरलास. पोलिश मजुरांसाठी नाझी सरकारने काढलेले 8 मार्च 1940 चे ते हुकूम नीट वाच. पोलिश मजुराला सायकल वापरायला बंदी, परवानगीशिवाय ट्राम-रेल्वेला बंदी, जर्मनांच्या खानावळीत बंदी, त्यांच्याबरोबर चर्चमध्ये प्रार्थनेला बसायला बंदी. (तिसऱ्या प्रकरणात हा पठ्ठ्या संध्याकाळी सायकल मारत तिच्या दारात येतो. कुणाची सायकल? कुठून आणली? कोपऱ्यावरच्या पोलिसाने डोळे मिटले होते का?) आणि जर्मन स्त्रीशी संबंध आला तर मृत्युदंड. हे कुठल्या गुप्त फायलीत नव्हतं, मजुरांना सांगितलेलं होतं. असे कितीतरी पोलिश पुरुष फासावर गेले, आणि बाकीच्या पोलिश मजुरांना त्या प्रेतासमोरून रांगेने चालवलं गेलं. बाईची रवानगी बहुधा राव्हेन्सब्र्युकला, बायकांच्या छळछावणीत. काही ठिकाणी त्याआधी भर चौकात तिचे केस भादरले जात.

त्यातही एक पळवाट ठेवली होती, ती तुला ठाऊक नसावी. पकडलेल्या माणसाची ‘वांशिक तपासणी’ होई. फोटो काढायचे, चेहरा न्याहाळायचा, मोजमापं घ्यायची. तो ‘जर्मन करून घेण्याजोगा’ ठरला तर फास टळू शकत होता, लग्नाची परवानगीही मिळू शकत होती. म्हणजे प्रेम होतं की नव्हतं याचा निकाल नाकाच्या आणि कवटीच्या मापावर. असला प्रसंग हाताशी असताना तू चांदण्याचं वर्णन करत बसलास!

आता पाचवं प्रकरण. 22 नोव्हेंबरची रात्र. ब्रिटिश विमानांचा मोठा हल्ला, कैसर विल्हेल्म स्मारक चर्च ज्या रात्री जळालं ती. तळघरात सगळी इमारत गोळा झाली आहे. तुझ्या तीन मेणबत्त्या मला फार आवडल्या: एक जमिनीवर, एक स्टुलावर, एक डोक्याच्या उंचीला. खालची विझली की लेकरांना उचलून घ्यायचं, मधली विझली की हवा संपत आली. हे तू शोधून काढलंस आणि एका ओळीत मांडलंस. मी असते तर पान भरलं असतं.

पण त्या मेणबत्तीच्या उजेडात तो तिचा हात धरतो. तो तिथे आलाच कसा? पोलिश आणि सोव्हिएत मजुरांना जर्मनांच्या तळघरांत, बंकरांत घेत नसत. त्यांच्यासाठी फार तर छावणीच्या अंगणात खणलेला खंदक, वर फळ्या आणि माती. बॉम्ब दोघांवरही पडत होते, पण छप्पर दोघांवर सारखं नव्हतं. तुझ्या गोष्टीचं मर्म तिथे आहे आणि तू त्यालाच आत आणून बसवलंस, कारण तुला चुंबन हवं होतं.

दाराशी बसलेला हवाई संरक्षणाचा वॉर्डन त्याला आत घेणार नाही. मग ती काय करील? बोलेल त्याच्या बाजूने? सगळ्या शेजाऱ्यांदेखत? गेस्टापोकडे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडे, अशी प्रकरणं पुष्कळदा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चुगल्यांवरूनच जात. ती गप्प बसेल. तो बाहेर राहील. आणि दुसऱ्या दिवशी ती त्याला पावाचा तुकडा देईल. आता सांग, त्या तुकड्याला तो ‘नको’ म्हणू शकतो का? तिच्या दाराला, तिच्या हाताला? ती दुखावली आणि एक शब्द बोलली तर? पकडलं गेल्यावर ‘त्याने बळजबरी केली’ असं म्हणून सुटण्याचा मोह तिला होणार नाही कशावरून? हे सगळं त्याच्या डोक्यात आहे, रोज आहे. तरीही त्याला ती आवडते. हे दोन्ही एकाच वेळी लिहिता आलं तर लिही. नाही आलं तर थांब, पण एक गाळून दुसरं लिहू नकोस.

प्रेम नव्हतंच असं मी म्हणत नाही, हे लक्षात घे. तुझी ती दुसरी मैत्रीण मला अशीच कडवट म्हातारी समजेल. होतं, असणारच. माणसं आहेत. पण आधी ‘नाही’ची किंमत मांड, मग ‘हो’ लिही.

आणि ही किंमत माणसागणिक, महिन्यागणिक बदलते. त्याच शहरात फ्रेंच युद्धकैदी असता तर लष्करी कोर्ट आणि काही वर्षांचा तुरुंग. इटालियन शिपायांचं तर आणखी विचित्र: 8 सप्टेंबर 1943 ला इटलीने शस्त्रं ठेवल्याचं जाहीर झालं आणि कालचे दोस्त आज कैदी. सहा लाखांवर माणसं जर्मनांनी अशी नेली. शत्रुत्व रेडिओवरच्या एका बातमीने ठरतं, हे मला बर्लिनच्या शोनेवाइडे भागात कळलं. तिथे सक्तीच्या मजुरांची छावणी जवळजवळ जशीच्या तशी उभी आहे, आता संग्रहालय आहे तिचं. एका बराकीच्या तळघरात इटालियनांनी भिंतीवर खरडलेली अक्षरं अजून दिसतात. मला इटालियन येत नाही. तरी मी तिथे इतका वेळ उभी राहिले की रखवालदाराला मला हाक मारावी लागली.

तिथे मी खूप उशिरा गेले. पुस्तक छापून झाल्यावर. आता ते सांगायलाच हवं, नाहीतर तुला वाटेल बाई उगाच उपदेश करतेय.

माझीही एक बर्लिनची कादंबरी आहे. तू वाचली नसावीस, मिळतही नाही आता. त्यात एक जर्मन मुलगी आणि एक अमेरिकन शिपाई. पडझड झालेलं शहर, 1945 चा मे, त्याच्या खिशात चॉकलेट. लोकांना आवडली. दोन आवृत्त्या गेल्या. मग एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, तीन ओळींचं: अमेरिकन सैन्य बर्लिनमध्ये जुलैत आलं, मग तुमचा शिपाई मेमध्ये तिथे काय करत होता?

मी हसून टाळलं. तपशिलाची चूक म्हटलं, होते कुणाकडूनही. पण खरं सांगू? ती चूक नव्हती. 2 मे ते जुलैची सुरुवात, ते दोन महिने मला नको होते. त्या दोन महिन्यांत शहर सोव्हिएत सैन्याच्या हातात होतं, आणि बलात्कारांचा अंदाज एकट्या बर्लिनसाठी लाखाच्या आसपास केला जातो. माझ्या नायिकेचं त्यात काय झालं हे मला लिहायचं नव्हतं. बाई असून मी ते गाळलं. तिला सुखरूप उचललं आणि थेट चॉकलेटपाशी नेऊन ठेवलं. ते दोन महिने सोसून जुलैत पोचलेली मुलगी त्या चॉकलेटला ‘नाही’ म्हणू शकली असती का? मी विचारलंच नाही. म्हणून माझं ‘हो’ खोटं होतं, आणि ते सुंदर भाषेत होतं, हे आणखी वाईट.

शिपायाचंही तेच. जर्मनांशी मिसळायला मनाई करणारा मैत्रीबंदीचा हुकूम मोडला तर त्याला 65 डॉलर दंड होता, आणि साध्या शिपायाचा मूळ पगार महिन्याला 50 डॉलर. बंदी बरीचशी ऑक्टोबर 1945 मध्ये उठली, पण लग्नाची परवानगी मिळायला 1946 चा डिसेंबर उजाडला. मी त्यांचं लग्न लावलं होतं पहिल्याच उन्हाळ्यात, शेवटच्या प्रकरणात. आता लाज वाटते.

तिसऱ्या आवृत्तीला मी नकार दिला. प्रकाशक म्हणाले, दोन तारखा बदला आणि सोडून द्या. मी म्हटलं, तारखा बदलल्या की माणसं बदलतात, पुस्तक नव्याने लिहावं लागेल. ते म्हणाले, मग लिहा. ते मला जमलं नाही. अकरा वर्षं दोन महिन्यांची पानं लिहीत आणि फाडत होते. लोकांनी हेकेखोर म्हटलं, घरच्यांनीही. पैसेही गेले. पण खोटी आवृत्ती बाजारात न ठेवणं एवढं तरी माझ्या हातात होतं, आणि ते मी केलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. नाही, वाटतं. पुस्तक थांबवल्याचं नाही, लिहून न झाल्याचं. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता लिहिलंय तर राहू दे.

म्हणून तुझ्यावर इतकी चिडले. तुझं ढोबळ असतं तर दोन ओळींत कौतुक करून परत पाठवलं असतं. तुझ्यात ती पानं लिहायची ताकद आहे आणि तू माझ्याच वाटेने चुंबनाकडे पळतोयस.

माफीचं राहिलं. वाचकाची माफी मागू नकोस. फ्रान्समध्ये 1944 च्या मुक्तीनंतर जर्मनांशी संबंधांच्या आरोपावरून सुमारे वीस हजार बायकांचे केस भादरले, चार वर्षांपूर्वी जर्मनीत चौकात चाललेली कात्री तीच. नॉर्वेच्या सरकारने अशा बायकांची माफी मागितली ती 2018 मध्ये. सरकारांना इतका वेळ लागतो, तर तुझ्या वाचकाला प्रकरण संपता संपता निकाल द्यायला का भाग पाडतोस? त्याला त्या दोघांजवळ बसू दे.

हस्तलिखित सोबत परत करतेय. पान 61 ते 74 दुमडलेली आहेत, ती काढ. सायकल काढ. तळघराचं प्रकरण दोनदा लिही: एकदा आत तिच्याजवळून, एकदा बाहेर खंदकातून, त्याच रात्रीचं, त्याच वेळेचं. खंदकातलं आधी लिही, ते तू टाळशील म्हणून सांगतेय. तिथे मेणबत्ती असणार नाही, तेव्हा त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं ते शोध. लिहून झालं की घाई न करता पाठव, मी आहे अजून.

आणि आतल्या त्या तीन मेणबत्त्यांना हात लावू नकोस.

तुझी,
बाई