आई जिना उतरत नाही, हा हट्ट नव्हे

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी आई खाली उतरत नाही. हट्ट आहे की डिप्रेशन?" सत्तरीच्या आसपासच्या आयांची मुलं-सुना हे विचारतच असतात. बहुतेकदा दोन्ही नसतं.

एक काकू, वय ७१, दुसरा मजला, लिफ्ट नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) शेवटच्या पायरीवरून घसरल्या, हाड वाचलं, पण भजनी मंडळ सुटलं.

"काकू, उतरताना कुठे बघता?"

"पायाखालीच. दुसरं कुठे बघणार?"

माणूस काय सांगतो त्याच्याइतकंच त्याचं अंग काय सांगतं, ते मी बघते. त्यांना घेऊन जिन्यावर गेले. उजवं पाऊल नीट टेकायच्या आत त्यांची नजर पुढच्या पायरीवर पळत होती आणि निम्मा चवडा कडेबाहेर राहत होता. पडण्याची धास्ती असलेल्या वयस्कर लोकांमध्ये संशोधकांनाही हेच दिसलंय: नजर आधी सुटते आणि पाऊल चुकतं. म्हणजे भीतीही पाडू शकते.

"आणि हा चष्मा?"

"प्रोग्रेसिव्ह. लेकाने भारीतला करून दिला."

त्या एकाच काचेत वर लांबचा नंबर असतो आणि खालचा भाग वाचायचा. त्यातून चार-पाच फुटांवरची पायरी धूसरच दिसणार. मी हे सांगितलं तशा काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे मी वेंधळी झालेली नाही?" डोळे भरले. पडण्यापेक्षा या 'वेंधळी'चीच लाज त्यांना घरात कोंडून होती, हे मला तिथे कळलं. पुढचं काम सोपं होतं.

आधी मोतीबिंदू आणि बीपी तपासून घ्या. बाहेर चालायला फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा हवा का, तेही डोळ्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. ऑस्ट्रेलियातल्या २०१० च्या एका अभ्यासात नेहमी बाहेर फिरणाऱ्या वृद्धांचं पडणं अशा चष्म्याने कमी झालं. क्वचितच बाहेर पडणाऱ्यांचं मात्र बाहेरचं पडणं वाढलं. त्यामुळे सरसकट सल्ला नको. पायऱ्यांच्या कडांना उठून दिसणारी पट्टी लावा. कठड्याला हात, पाऊल टेकेपर्यंत नजर त्याच पायरीवर, मग पुढची.

आणि मुलांनो, मागून "सांभाळून, सांभाळून" करू नका. लक्ष तुमच्याकडे जातं.

काकूंच्या लेकाला ते जमेना. शेवटी त्यांनीच त्याला जिन्यात सुनावलं, "तू आधी खाली जाऊन उभा राहा. मला बघू दे."