विकलेल्या गाडीचं चलान, अडुसष्ट हजारांचं एस्टिमेट आणि बोनेटमधले उंदीर

‘गाडीचं काय करू?’ या सदरासाठी आलेल्या पत्रांत यावेळी गाडी विकण्याबद्दलचेच प्रश्न जास्त होते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. मायलेजवाल्यांनी जरा धीर धरा.

प्रश्न: मागच्या दिवाळीत माझी २०१४ ची वॅगनआर एका एजंटमार्फत विकली. १ लाख ७५ हजार रोख मिळाले, फॉर्मवर सह्या केल्या, आरसी आणि चाव्या दिल्या, विषय संपला असं वाटलं. आता ठाणे शहरातून सिग्नल तोडल्याची, सीटबेल्ट न लावल्याची चलानं माझ्या मोबाइलवर येतायत. एजंट म्हणाला पार्टीने अजून ट्रान्सफर केली नाही, होऊन जाईल. आता तर तो फोनही उचलत नाही. चलानं भरून टाकू का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: दादा, चलानाचं सोडा, ते यातलं सगळ्यात किरकोळ आहे. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं आणि गाडीचा इन्शुरन्स संपलेला असला तर भरपाईसाठी नोटीस कुणाच्या दारात येणार, तर तुमच्या. हे घाबरवायला सांगत नाही. सुप्रीम कोर्टात असंच एक प्रकरण गेलं होतं, गाडी मूळ मालकाने २००७ मध्ये विकलेली, तिथून ती हातोहात आणखी दोघा-तिघांकडे फिरलेली, २००९ मध्ये अपघात झाला तेव्हा चालवणारा भलताच, पण आरसीवर नाव पहिल्याचंच. २०१८ च्या निकालात कोर्टाने सरळ सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. पैसे कधी घेतले, चाव्या कधी दिल्या याने फरक पडला नाही.

तुम्ही सह्या केल्या त्या फॉर्म २९ आणि ३० वर, ३० म्हणजे नाव ट्रान्सफर करायचा अर्ज. यात लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. फॉर्म २९ म्हणजे ‘मी गाडी विकली’ हे आरटीओला कळवणं, आणि ते विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं. सही करून फॉर्म एजंटच्या पिशवीत गेला म्हणजे आरटीओला कळलं असं होत नाही ना. बरेच एजंट मुद्दाम फॉर्म कोरे ठेवतात, गिऱ्हाइक मिळालं की त्याचं नाव टाकायचं, म्हणजे मधल्या मधे त्यांच्या नावावर गाडी चढत नाही आणि एक ट्रान्सफर वाचते. तोपर्यंत गाडी तुमच्या नावावर गावभर हिंडणार.

आता करायचं काय. आधी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून आत्ताची स्थिती बघा, कधीकधी ट्रान्सफर झालेली असते आणि फक्त मोबाइल नंबर तुमचा राहिलेला असतो, तसं असेल तर नशीबवान आहात. नसेल तर तुमच्या आरटीओत लेखी अर्ज द्या, त्यात विक्रीची तारीख, एजंटचं नाव-नंबर, घेणाऱ्याचं आधार किंवा जे काही असेल ते, पैशाची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणंसुद्धा प्रिंट काढून जोडा, आणि अर्जाच्या तुमच्या कॉपीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तसाच अर्ज पोलीस स्टेशनला. या दोन शिक्क्यांच्या जोरावर चलानांवर ऑनलाइन तक्रार टाका. चलानं लगेच भरून टाकू नका, भरलं की गाडी अजून मीच वापरतोय असं दिसतं, पण दुर्लक्षही करू नका, साठत जातात. फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला राहिला असेल तर आजच्या आज बंद करा, ठाण्यातला माणूस तुमच्या पैशाने टोल भरत असेल तर नवल नाही.

इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा. थर्ड पार्टी कव्हर (दुसऱ्याच्या नुकसानीचं) गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातं पण ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं) तसं जात नाही, नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आणि तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, हा गाडीचा नाही, तुमचा आहे. त्याचं पत्र मागून घ्या, ३ वर्षांत दुसरी गाडी घेतली तर तिथे वापरता येतो. हे एजंट कधीच सांगत नाही.

बाकीच्या विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत होण्याची सोय आहे. अशा डीलरला गाडी दिली तर फॉर्म २९सी (गाडी डीलरकडे दिल्याचं आरटीओला कळवणारा) ऑनलाइन भरला जातो आणि तिथून पुढे गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी डीलरची. ‘तुमच्याकडे ऑथोरायझेशन आहे का, २९सी भरणार का’ एवढं विचारा, उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघितला तरी निम्मं कळतं. पाच हजार कमी मिळाले तरी अशाच माणसाला द्या. आणि व्यवहार २ लाखांच्या घरातला असेल तर रोख घेऊच नका, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेतली तर इन्कम टॅक्स तेवढाच दंड लावू शकतं, आणि तो घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही.

प्रश्न: माझी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १ लाख १० हजार रनिंग. सर्व्हिस सेंटरने ६८ हजारांचं एस्टिमेट दिलंय. त्यात क्लच सेट, पुढचे शॉकअप, लोअर आर्म, एसीचा कंडेन्सर, इंजिन डीकार्बनायझेशन, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग असं सगळं आहे. गाडीला तशीच १ लाख ६० हजार देतायत. दीर म्हणतात जीएसटी कमी झालाय, हिला काढून टाक आणि नवीन घे. मी रोज शाळेत जाऊन-येऊन २० किलोमीटर चालवते.
(एक शिक्षिका, पुणे)

उत्तर: ताई, दिरांना म्हणावं हप्ता तुम्ही भरणार का. गंमत सोडा, पण हिशोब करून बघू. नवी छोटी गाडी ऑनरोड ७ लाखांची धरली, जुनीचे दीड लाख घातले, साडेपाच लाख लोन ९ टक्क्याने ५ वर्षांसाठी, तर हप्ता येतो महिना साधारण ११,४०० रुपये. म्हणजे तुमचं ते भयंकर एस्टिमेट सहा हप्त्यांचं आहे. त्यानंतर ५४ हप्ते उरतात, शिवाय नव्या गाडीचा इन्शुरन्स मोठा तो वेगळाच.

आणि ते ६८ हजारही मला पटत नाहीत. यादीतले पहिले चार आयटम खरे खर्च आहेत. क्लच घसरत असेल, म्हणजे चढावर रेस वाढते पण गाडी ओढत नाही, तर तो बदलावाच लागतो. लोअर आर्म आणि शॉकअप हे सेफ्टीचं काम, खड्ड्यात कट-कट आवाज येत असेल तर पुढे ढकलू नका. कंडेन्सर खरंच लीक आहे का हे दुसरीकडे तपासून घ्या, बऱ्याच वेळा एखादा ओ-रिंग गेलेला असतो आणि गॅस भरून काम भागतं. शेवटचे चार आयटम मात्र सरळ खोडून टाका. डीकार्बनायझेशन, डिसइन्फेक्शन, कोटिंग ही सगळी काउंटरवर बसलेल्या अ‍ॅडव्हायझरच्या टार्गेटची कामं आहेत, त्याच्यावर राग नको, त्याचा पगार त्यावर असतो, पण पैसे आपले आहेत.

उरलेली यादी घेऊन भरवशाच्या बाहेरच्या गॅरेजमध्ये जा, पार्ट ओरिजिनलच टाका असं सांगा, बिलं मागा आणि काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा. हे शेवटचं वाक्य कामाला लावतानाच बोलायचं, गाडी घ्यायला गेल्यावर नाही. तेच काम बऱ्यापैकी कमी पैशात होईल.

विकायचा सल्ला मी कधी दिला असता? गाडी निळा धूर मारत असती, ऑइल टॉपअप करून करून कंटाळला असतात, गिअरबॉक्स बोलत असता किंवा खालून चासिस गंजली असती तर. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

जीएसटीचं दिरांचं म्हणणं खोटं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर सेस धरून २९ टक्के लागायचा तो १८ झाला. पण नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव पण त्याच दिवशी पडतो, तुम्हाला १ लाख ६० हजारच का सांगतायत त्याचं एक कारण हेही आहे. एका हाताने मिळालेली सूट दुसऱ्या हाताने परत जाते, आणि तुमची गाडी तर चालती आहे.

१५ वर्षांचं काय, असं पुढचं पत्र येणार हे माहीत आहे म्हणून आत्ताच सांगतो. २०२८ मध्ये गाडीचं रजिस्ट्रेशन संपेल, तेव्हा रि-पासिंग करून ५ वर्षं वाढवून मिळतं. केंद्राची फी कारला ५ हजार आहे, त्यावर आपल्याकडचा ग्रीन टॅक्स, आणि गाडी तपासणीत पास व्हायला हवी. महाराष्ट्रात खासगी गाडी १५ वर्षं झाली म्हणून भंगारात काढावीच लागते असा नियम नाही, ती भीती दिल्लीच्या बातम्या वाचून आलेली आहे. फक्त नंबर प्लेट एचएसआरपी, म्हणजे जास्त सुरक्षेची सरकारमान्य प्लेट, आहे ना बघा, २०१९ च्या एप्रिलआधीच्या सगळ्या गाड्यांना लागते, कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

प्रश्न: दिल्ली पासिंगची २०१७ ची डिझेल एसयूव्ही इथल्यापेक्षा दोन-अडीच लाखांनी स्वस्त मिळतेय. घ्यावी का?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: स्वस्त का मिळतेय ते आधी समजून घ्या. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली. पुढे त्यात वळणं आली तरी तिथल्या मालकाला गाडी दहाच्या जवळ आली की धडकी भरते. त्यामुळे स्वस्त आहे म्हणजे चोरीचीच असेल असं काही नाही.

पण ते दोन-अडीच लाख सगळे तुमच्या खिशात राहत नाहीत. तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. इथे परत रोड टॅक्स भरायचा, आणि डिझेलला आपल्याकडे नव्या गाडीच्या किमतीवर १३ ते १५ टक्के टॅक्स आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो तरी रक्कम डोळ्यात भरणारी असते. हा आकडा सौदा करायच्या आधी इथल्या आरटीओतून काढून घ्या, नंतर नाही. एनओसी हातात येईपर्यंत टोकनपेक्षा जास्त पैसे देऊ नका, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची बँकेची नोंद काढायचा) पण बघा.

आणि पाण्यात बुडालेली गाडी नाही ना, हे तपासा. २०२३ च्या जुलैत यमुनेला पूर आला होता, आपल्याकडे २०२१ मध्ये चिपळूणला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या गावात विकल्या जातात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, तळाशी चिखलाची रेघ दिसते कारण ते धुवायचं कुणाला सुचत नाही. स्टेपनी काढून खालची जागा बघा, सीटचे रूळ गंजलेत का हात लावून बघा, काचा बंद करून एसी लावा आणि वास घ्या. भडक परफ्यूम मारलेली गाडी असेल तर माझा संशय दुप्पट होतो. किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, टायरवर कोरलेले चार आकडे वाचा, ‘२३१७’ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. मीटर ९० हजार दाखवतंय आणि टायर पहिलेच आहेत म्हणतात, तर दोन्हीपैकी एक काहीतरी खोटं आहे.

प्रश्न: उंदराने बोनेटमधल्या वायरी कुरतडल्या, ४ हजार खर्च आहे. क्लेम करू का? ५० टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस) आहे.
(एक वाचक, सातारा)

उत्तर: नका करू. समजा बोनस धरला नाही तर तुमचा ओन डॅमेजचा प्रीमियम ८ हजार आहे, ५० टक्क्याने तुम्ही ४ भरताय. क्लेम केलात की पुढच्या वर्षी पूर्ण ८ हजार, मग २०, २५, ३५, ४५ टक्के असं परत पायरीपायरीने चढायचं. बेरीज करा, वरचे १० हजार जातात. ४ हजार वाचवायला १० कशाला घालवायचे.

उंदरांसाठी तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, बाजारातले स्प्रे सगळं लोक करतात, थोडे दिवस चालतं. गाडी रोज हलली तर त्रास कमी होतो, आठवडाभर उभी राहिली की ते संसार थाटतात. गाडीत बिस्किटाचे पुडे ठेवू नका आणि कचराकुंडीजवळ लावू नका.

प्रश्न: फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा का? मुंबई-पुणे महिन्यातून दोनदा आणि पुणे-सातारा दर आठवड्याला जातो.
(एक वाचक, पिंपरी)

उत्तर: मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तो चालत नाही, तो रस्ता राज्याच्या महामंडळाचा आहे. समृद्धीवर पण नाही. साताऱ्यासाठी मात्र घ्या. खेड शिवापूर आणि आनेवाडी, जाऊन-येऊन चार वेळा नाका ओलांडणं होतं, पासात एका वर्षात २०० वेळा मिळतात म्हणजे ५० फेऱ्या, दर आठवड्याचं गणित जवळजवळ बरोबर बसतं, २०२५ मधल्या ३ हजारांच्या भावाने एका नाक्याला १५ रुपये पडत होते. राजमार्गयात्रा अ‍ॅपवर निघतो. पास गाडीच्या नंबरला बांधलेला असतो, दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही, तेव्हा एवढ्यात गाडी विकायचा विचार असेल तर आधी ते ठरवा आणि मग पैसे भरा.