सिनेमावर लिहायला बसण्याआधी

सिनेमा पाहून आल्या आल्या लिहू नकोस, एक रात्र जाऊ दे. कथा सांगण्यातही शब्द घालवू नकोस, ती ट्रेलरवरूनच बरीच कळलेली असते. तुला काय दिसलं ते लिही.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'च घे. 'फार संथ' म्हणून कित्येकांनी तो अर्ध्यात सोडला. पण कॅमेरा लांबवर, एका जागी का थांबलाय? म्हणून तर कलमांचं वाचन, पुढची तारीख, बाकावर ताटकळलेली माणसं हे सगळं आपल्याही अंगावर येतं. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कोर्टात आरोपीविरुद्ध ठामपणे उभी राहते, आणि लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. तिला खलनायिका न करणं हा दिग्दर्शकाचा निर्णय आहे, आणि मला तो फार मोठा वाटतो. असं एक निरीक्षण चार स्टार देण्यापेक्षा मोलाचं.

मालिकांचं गणित वेगळं. रोजचा भाग, वर टीआरपीची टांगती तलवार. कथानक ताणलं जाणारच. निदान आठवडाभर बघ, मग बोल.

आणि शेवट फोडू नकोस, कितीही मोह झाला तरी. २०१६ साली 'सैराट' ज्यांनी शेवट माहीत नसताना पाहिला, त्यांना विचार.