कमांड लाइनवरून आलेला मजकूर : तपासणी कुठे आणि कशी?

प्रश्न : नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांच्या वजनांसाठी टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप जोडलेली जावास्क्रिप्ट) कमांड लाइन टूल लिहिले आहे. वजनाला 'नंबर' टाइप दिला असूनही १२० आणि ८० यांची बेरीज १२०८० अशी छापली जाते. असे का होते? (एक वाचक, पारडी)

उत्तर : टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल होताना गळून पडतात, प्रोग्रॅम चालू असताना त्यांतले काहीही उरत नाही. कमांड लाइनवर लिहिलेले सारे काही नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हाती स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर म्हणूनच पडते, दोन स्ट्रिंगची बेरीज म्हणजे त्या एकापुढे एक जोडणे, आणि 'ॲज नंबर' असे लिहून आपण फक्त कंपायलरला गप्प करतो, मूल्य बदलत नाही. म्हणून झॉडसारख्या तपासणीच्या लायब्ररीत आधी स्कीमा (मूल्य कसे असावे याचे नियम) लिहावा आणि टाइप वेगळा न लिहिता 'इन्फर'ने त्या स्कीमातूनच काढावा, म्हणजे तपासणी एक आणि टाइप दुसराच, अशी फारकत कधी होणार नाही.

तरीही रूपांतर डोळसपणे करावे. जावास्क्रिप्टचे 'नंबर' फंक्शन रिकाम्या स्ट्रिंगचे शून्य करते आणि 'पार्सइंट' हे '12किलो'मधून निमूटपणे 12 उचलते. झॉडचे रूपांतर करणारे 'कोअर्स' आतून 'नंबर'च वापरत असल्यामुळे रिकामे सोडलेले वजन शून्य म्हणून नोंदले जाऊ शकते, आणि शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबात हे मुळीच चालणार नाही. वजन शून्याहून जास्तच हवे, ही अट स्कीमातच घालावी. शक्य असल्यास कमाल मर्यादाही घालावी.

प्रश्न : 'ड्राय-रन' (प्रत्यक्ष बदल न करता नुसती चाचणी) या पर्यायाला 'फॉल्स' दिले तरी टूल ते 'ट्रू' धरते. (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग बूलियनमध्ये (खरे-खोटे या टाइपात) 'ट्रू'च ठरते, पायथनच्या आर्गपार्समध्ये (कमांड लाइन वाचणाऱ्या लायब्ररीत) 'टाइप' म्हणून 'बूल' दिल्यासही हेच घडते. अशा पर्यायाला मूल्य न ठेवता तो नुसता फ्लॅग ठेवावा, म्हणजे लिहिला तर 'ट्रू', नाही तर 'फॉल्स'.

प्रश्न : कार्यालयातील मंडळी देवनागरी अंक टाइप करतात. ते नाकारावेत का? (एक वाचक, महाल)

उत्तर : नाकारू नयेत. मराठीत काम करणाऱ्याला स्वतःच्या लिपीतले अंक लिहिता आले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. मात्र पायथनचे 'इंट' देवनागरी अंक स्वीकारते, तर जावास्क्रिप्टचे 'नंबर' त्यांना 'नॉट अ नंबर' ठरवते. तेव्हा भाषेवर विसंबून न राहता स्कीमाकडे जाण्यापूर्वीच सर्व अंक इंग्रजी अंकांत (0 ते 9) बदलून घ्यावेत. पिनकोडचे रेजेक्स (मजकुराचा नमुना) लिहिताना हे विशेष जपावे, कारण पायथनमधील 'बॅकस्लॅश डी' हे अंकाचे चिन्ह देवनागरी अंकांनाही जुळते आणि जावास्क्रिप्टमधील जुळत नाही. ४४०००१ हा पिनकोड स्ट्रिंग म्हणूनच ठेवावा. त्याची बेरीज कोणी करत नाही.

प्रश्न : चुकांचे संदेश कसे दाखवावेत? (एक वाचिका, सीताबर्डी)

उत्तर : झॉडचे 'सेफपार्स' वापरावे. एरर फेकली न जाता स्कीमात सापडलेल्या चुकांची यादी हाती येते. ती पर्यायांच्या नावांसह एकदाच दाखवावी, म्हणजे वापरणाऱ्याला एकेक चूक दुरुस्त करत टूल पुन्हा पुन्हा चालवावे लागत नाही. संदेश स्टँडर्ड एररवर (चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) जावेत आणि एक्झिट कोड, म्हणजे टूल संपताना परत देते तो आकडा, शून्य नसावा. आर्गपार्स अशा वेळी २ देते, तोच आपणही द्यावा. यशाचा शून्य कोड चुकून परत गेला, तर आपले टूल चालवणारी स्क्रिप्ट चुकीचे वजन घेऊन पुढच्या पायरीवर जाईल.