व्हिडिओत कळतं, पेपरात आठवत नाही

"मॅडम, दिवसभर टॅबवरच असतो. विचारलं की म्हणतो, अभ्यास करतोय. खरंच होतो का हो असा अभ्यास?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईंनी विचारलं. शेजारी दहावीतला मुलगा, टॅब मांडीवर पालथा.

हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकायला मिळतो की मी सवयीने स्क्रीनच्या तासांबद्दल बोलायला लागले. ते चुकलंच. मुलगा पुटपुटला, "मी गेम खेळत नाही. लेक्चरच बघतो. बघताना सगळं कळतं, पेपर हातात आला की कोरा."

काल काय बघितलंस, विचारलं. भिंगं. तेही दोनदा. मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला: बहिर्वक्र भिंग, वस्तू नाभी आणि भिंगाच्या मध्ये, किरणाकृती काढ. भिंग झकास आलं. मुख्य अक्ष, दोन्ही बाजूंच्या नाभी, अक्षाला समांतर पहिला किरण, तो वळून पलीकडच्या नाभीतून गेला. मग पेन्सिल थांबली. "पुढचं सरांनी काढलेलं एकदा बघितलं ना, की लगेच येईल."

ते 'लगेच येईल' हेच सगळं दुखणं होतं. समोर दिसलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे आलेलं, असं मन धरून चालतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे तपासलं होतं. एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून न बघता आठवेल तसा तीनदा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे 61. आणि मला सर्वांत बोलकं वाटतं ते हे, की आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! प्रयोगात वाचलेला मजकूर होता, व्हिडिओ नव्हता. पण माझ्या खोलीत तीच खात्री रोज येऊन बसते.

"म्हणजे टॅब काढून घेऊ?" आई.

नको. शिक्षणाचे संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्येच म्हटलं होतं की माध्यम म्हणजे माल पोचवणारा ट्रक. ट्रक बदलून अन्नाचा कस बदलत नाही. त्यावर संशोधकांमध्ये पुढे बरंच भांडण झालं आणि मलाही क्लार्क यांचं म्हणणं पूर्ण पटत नाही, कारण मागेपुढे करता येणारा व्हिडिओ वर्गातल्या फळ्याला जमत नाही. पण टॅब काढून त्याच्या हातात पुस्तक दिलं असतं तर त्याने तेही दोनदा नुसतं वाचलंच असतं. (धडा वाचायचा असेल, तोही घाईत, तर मात्र कागद बरा. 2018 मध्ये 54 अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात स्क्रीनवर समजणं थोडं कमी पडलेलं दिसलं.)

ठरलं ते एवढंच. पाच-सहा मिनिटं बघायचं, टॅब पालथा, आकृती मनाने काढायची, मग व्हिडिओशी ताडायची, चूक लाल पेनाने. आईंना एक पथ्य दिलं: "किती वेळ बघितलंस?" विचारायचं नाही, "काय काढलंस, दाखव" म्हणायचं.

तीन आठवड्यांनी दोघंही तक्रार घेऊनच आले. अर्ध्या तासाच्या लेक्चरला आता दीड तास लागतो. आई म्हणाल्या, "रोज तीन व्हायची, आता एकच होतं. मागे पडणार नाही ना?" मी विचारलं, त्या तिनातलं आठवड्याने काय उरायचं? उत्तर मुलाने दिलं, "काही नाही." वहीत लाल पेन भरपूर होतं, शेवटच्या पानांवर जरा कमी.

त्याचा तो कागद मी फाइलमध्ये ठेवला होता. पुढे केला. दुसरा किरण भिंगाच्या मध्यातून सरळ गेला, मग दोन्ही किरण तुटक रेषांनी मागे वाढवले, वस्तूच्या बाजूलाच मोठी, सुलटी प्रतिमा. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

आई वाकून बघत होत्या. "किरणांना बाण राहिले," त्या म्हणाल्या.