जुनी सिटी घ्यायचीय? एकदा थंड बघा, एकदा तापलेली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात राहता, घरात आई-वडील आणि दोन मुलं, हाताशी साडेतीन लाख. विजापूर रोडला एकाकडे २०१३ची पेट्रोल होंडा सिटी बघितलीय, मॅन्युअल गिअर, मीटरवर ९२ हजार किलोमीटर. इतकी जुनी गाडी भरवशाची आहे की नाही, हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं?

साल आणि किलोमीटर यांवरून भरवसा कळत नाही. त्याच गाडीला दोनदा भेटा. एकदा सकाळी, रात्रभर उभी राहून ती पूर्ण थंड झालेली असताना. दुसऱ्यांदा भर दुपारी, एसी लावून तासभर पळवून. एका भेटीत टोकन देऊ नका, विक्रेता कितीही घाई करू दे.

हे मी पोळल्यामुळे सांगतोय. २०१६च्या एप्रिलमध्ये मी आठ वर्षं जुनी डिझेल सेडान घेतली. बघायला गेलो संध्याकाळी सातला. गाडी नुकतीच धुऊन आणलेली, इंजिन गरम. एक चक्कर मारली, आवडली, टोकन दिलं. मे महिन्यात आईला पंढरपूरला घेऊन निघालो आणि मोहोळच्या पुढे बॉनेटमधून वाफ यायला लागली. आई तेव्हा सत्तरीची. रस्त्याकडेच्या बाभळीच्या तोकड्या सावलीत ती दोन तास बसून राहिली, ते मला अजून बोचतं. मिस्त्रींनी हेड उतरवलं तेव्हा सगळा उलगडा झाला. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह आवरून तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला, रेडिएटरचा फॅन डायरेक्ट केलेला, म्हणजे सतत फिरत राहील असा जोडलेला, कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या जागी हिरवा रंग घातलेलं पाणी आणि हेडखालचं गॅस्केट जळालेलं. गाडी तापते हे आधीच्या मालकाला पक्कं ठाऊक होतं. दुरुस्तीला ३८ हजार गेले. त्यानंतर घरच्यांच्या, मित्रांच्या गाड्या बघायला मी त्याच मिस्त्रींना बरोबर घेऊन जातो. पुढचं बहुतेक त्यांच्याकडूनच शिकलेलं आहे.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्यात कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतायची सवय. ते पाणी जड. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसत जातो आणि एक दिवस गाडी तापते. म्हणून सोलापूरच्या गाडीत मी आधी कूलिंग बघतो, मग बाकीचं.

तर पहिली भेट. विक्रेत्याला सांगून ठेवा की आम्ही यायच्या आधी गाडी चालू करायची नाही. सकाळी साडेसहाला जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर गाडी तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलीय. त्या दिवशी परत या. थंड असेल तर रेडिएटरचं झाकण उघडा (हे फक्त थंड असतानाच, गरम इंजिनावर कधीच नाही, चेहरा भाजतो). आत स्वच्छ रंगीत कूलंट हवं. गंजाचं तांबूस पाणी असेल तर त्या मालकाने गाडी कशी सांभाळली ते तिथेच कळलं. मग ऑइलचं झाकण काढून त्याची आतली बाजू बघा. दुधासारखा पांढरट चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता मोठी.

आता विक्रेत्याला चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरजवळ उभे राहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ येते, ती विरून जाते, तिची काळजी नको. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट जळतंय. चावी फिरवल्या फिरवल्या, एसी बंद असतानाही पुढचा फॅन फिरायला लागला तर तो डायरेक्ट केलाय का, हे मिस्त्रींकडून तपासून घ्या. रेडिएटरचं झाकण उघडंच ठेवून दोन मिनिटं आत बघत राहा. एकसारखे बुडबुडे येत असतील तर गॅस्केटमधून गॅस पाण्यात शिरतोय. माझ्या त्या गाडीत ही दोन मिनिटं मी दिली असती तर आई मोहोळला बसली नसती.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण पुन्हा सैल करून बघा. जरासं वारं लागणं ठीक. भसाभसा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन बांधायला झालंय.

दुसरी भेट दुपारी दोनला. आधी सात रस्त्याच्या गर्दीत फिरवा, क्लच दाबून सोडून, एसी पूर्ण. मग उन्हात एका जागी पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवून उभी करा. चालत्या गाडीत वारा लागतो म्हणून बऱ्याच गाड्या तेवढ्यापुरत्या थंड राहतात. खरी परीक्षा उभ्या गाडीची. एसीचा गारवा टिकतो का, फॅन लागून पुन्हा बंद होतो का, इंजिनाची चाल डळमळते का, हे बघा. काही गाड्यांना तापमानाचा काटा नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून मिस्त्रींना ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आणायला सांगा. त्यावर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. ते साधारण ९० ते १०० अंशांच्या आसपास खाली-वर होत राहिलं तर उत्तम. सतत चढतच गेलं तर गाडी सोडा.

तिथून तुळजापूरच्या रस्त्याला लागा. पंचेचाळीसेक किलोमीटर, शेवटी घाट. चौघं बसून जा, कारण तुमचं घर ती गाडी तशीच वापरणार आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपलीय. ८०-९०च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं का बघा. रस्ता मोकळा असेल तिथे हात सैल ठेवून ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का कळेल. वर पोचल्यावर दहा मिनिटं गाडी बंद करून पुन्हा चालू करा. तापलेलं इंजिन सुरू व्हायला कुरकुरत असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. परत आल्यावर मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय.

ठोकलेली गाडी ओळखायला रंगापेक्षा बोल्ट बघा. बॉनेटच्या आणि पुढच्या फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर ते कधीतरी उघडलेत. दाराचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघा, कारखान्यातले ठिपके एकसारखे असतात. डिकीतला गालिचा आणि स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघा, मागून बसलेला मार तिथेच लपवतात. बंपर रंगवलेला असेल तर मला त्याचं काही वाटत नाही, शहरात ते होतंच. दारांमधले खांब किंवा चॅसी (गाडीचा सांगाडा) ठोकून सरळ केलेली असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका, घरात मुलं आहेत.

पुरातल्या गाड्यांचीही काळजी घ्या. २०१९ आणि २०२१ला सांगली-कोल्हापुरात पाणी भरलं, २०२५च्या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात सीना नदीला पूर आला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ बहुतेक वेळा तिथे राहते. सीटच्या खालच्या पट्ट्यांवरचा गंजही बोलतो.

मीटरबद्दल थोडंच सांगतो. १२ वर्षांत ९२ हजार म्हणजे वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास, घरगुती गाडीला पटण्यासारखं. पण मीटर मागे घेणं अवघड नाही. सर्व्हिसची बिलं मागा, सर्व्हिस सेंटरला गाडीची नोंद दाखवायला मालकालाच बरोबर न्या, आणि पेडलचं रबर, स्टेअरिंगची कड, ड्रायव्हर सीटची झीज आकड्याशी जुळते का बघा. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि साल, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी सात-आठ वर्षं जुना टायर आपल्या उन्हात भरवशाचा नाही.

आता सिटीबद्दल. या पिढीचं १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन दणकट आहे, टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट तुटण्याची भीती नाही. टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हमधली फट) मात्र ठरावीक किलोमीटरनंतर तपासून बसवावे लागतात, ते झालेत का विचारा. गाडी बुटकी आहे, खालून घासते. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून ऑइल चेंबरला पोचे आहेत का, लोअर आर्मचे बुश (पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनमधले रबर) फाटलेत का, हे बघा.

एक गोष्ट अजिबात चुकवू नका. २०१८च्या जानेवारीत होंडाने २०१३ साली बनलेल्या २२ हजारांहून जास्त गाड्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगसाठी परत बोलावल्या, त्यांतल्या बहुतेक सिटीच होत्या. उष्णतेत आणि दमटपणात वर्षानुवर्षं राहून त्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारा भाग, बिघडतो आणि फुगताना फुटून धातूचे तुकडे उडू शकतात. जगभरात यात माणसं गेली आहेत. चॅसी नंबर होंडाच्या संकेतस्थळावर टाकला की तुमची गाडी त्यात आहे का ते दिसतं, आणि बदलून मोफत मिळतं. हे काम राहिलेलं असेल तर ते झाल्यावरच पैसे द्या.

कागदपत्रांत एमपरिवहन ॲपवर मालक कितवा, विमा, कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा. ई-चलान भरून घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर सही घ्या, आणि गाडी राज्यातलीच असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि तुम्ही ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. सिटी एमएच-१३, म्हणजे सोलापूर पासिंगची असेल तर सोपं. दिल्लीची स्वस्त गाडी कुणी दाखवली तर भुलू नका. तिथे १५ वर्षांच्या पेट्रोल आणि १० वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या इकडे येतात, आणि एनओसी, इथला रोड टॅक्स, पुन्हा पासिंग यात वाचलेले पैसे जातात. तुमच्या सिटीची नोंदणी २०२८ला संपेल. पुढे पाच वर्षांसाठी वाढवताना तपासणी आणि पर्यावरण कर आहे, किंमत ठरवताना तेही बोला.

साडेतीन लाख सगळे गाडीत घालू नका. चाळीस हजार बाजूला ठेवा, कारण बारा वर्षांच्या गाडीत टायर, बॅटरी, बुश यांतलं काहीतरी निघतंच. पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि फिल्टर बदला. कूलंट कंपनीने सांगितलेलंच, बोअरचं पाणी नको. मग आई-वडिलांना घेऊन अक्कलकोटला जाऊन या. परत आल्यावर गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा, निघताना होती तिथेच आहे का.